पीक जागेवर, उंची भलतीच: ॲपोफिलाइटचं रिटव्हेल्ड का बसत नाही

वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणीतरी लॅपटॉप उघडाच धरून एक्सआरडीच्या, म्हणजे एक्स-रे विवर्तनाच्या, खोलीत येतं. स्क्रीनवर पावडरीच्या मोजलेल्या पॅटर्नचे ठिपके (कोन आडवा, तीव्रता उभी, टेकाडं म्हणजे पिकं), त्यांच्यावरून स्फटिकरचनेतून काढलेल्या हिशोबाची रेघ (ही जुळवणी म्हणजेच रिटव्हेल्ड) आणि खाली फरकाची रेघ सह्याद्रीसारखी वर-खाली. प्रश्न ठरलेला: "सर, फेज तर जुळतेय, पण आरडब्ल्यूपी खाली येत नाही. स्ट्रक्चर वेगळं असेल का?" फेज म्हणजे खनिज कुठलं ते; आरडब्ल्यूपी म्हणजे मोजणी आणि हिशोब यांच्यातल्या फरकाचा आकडा, जितका कमी तितकं फिट चांगलं.

गेल्या खेपेला जो विद्यार्थी आला त्याने पुढची पायरीही चढून टाकली होती. हातात जळगावकडचं ॲपोफिलाइट, म्हणजे पोटॅशियम-कॅल्शियमचं थरांचं सिलिकेट खनिज. फिट बसेना म्हणून त्याने पोटॅशियमची ऑक्युपन्सी (त्या जागेचा भरलेला वाटा) मोकळी सोडली, म्हणजे प्रोग्रॅमला ठरवू दिली. ती १.३१ वर जाऊन थांबली आणि आरडब्ल्यूपी झटक्यात उतरला. एका जागेवर एकापेक्षा जास्त पोटॅशियम मावत नाही एवढं त्याला कळत होतं, म्हणून त्याने हिशोब मांडला: १९ इलेक्ट्रॉनांना १.३१ ने गुणलं की जवळपास २५. म्हणजे तिथे काहीतरी जड बसलेलं असणार. बेरियमचे इलेक्ट्रॉन ५६, तेव्हा १६ टक्के बेरियम धरलं की आकडा बरोबर जुळतो. रिपोर्टच्या मसुद्यात मथळाही तयार होता, 'बेरियमयुक्त ॲपोफिलाइट'.

बेरियम नव्हतं. होल्डर भरताना पावडर काचेच्या स्लाइडने वरून दाबली होती, एवढंच.

हा घोटाळा आपल्याकडे जरा जास्तच होतो, कारण आपल्याकडचा माल तसा आहे. दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत जे सुंदर म्हणून सापडतं त्यातलं बरंचसं पापुद्र्यांचं. ॲपोफिलाइट, स्टिलबाइट, ह्यूलँडाइट या तिघांनाही एकेका दिशेने अगदी सरळ पाटन (फुटण्याची ठरलेली सपाट पातळी) आहे. खलात कितीही घोटा, तुकडा पडतो तो चपटाच. चपटे तुकडे होल्डरमध्ये कसे बसतात ते बघायचं तर ताटात पोहे ओता आणि वरून तळहात फिरवा. एकही पोहा काठावर उभा राहणार नाही.

पावडर पद्धतीचा सगळा हिशोब मात्र असं धरून चालतो की प्रत्येक दिशेला तोंड केलेले कण सारख्या संख्येने आहेत. चपटे कण एका कुशीवर झोपले की पाटनाच्या पातळीकडून येणारी पिकं फुगतात आणि तिच्याशी काटकोनात असलेल्या पातळ्यांची पिकं रोडावतात. याला लॅबमध्ये आम्ही 'पीओ' (प्रेफर्ड ओरिएंटेशन) म्हणतो, कुणी टेक्श्चर म्हणतं. मी इथे कल म्हणेन.

आधी एकच प्रश्न विचारा: बिघाड जागेत आहे की उंचीत? पिकांच्या जागा युनिट सेल (रचनेचा पुन्हा पुन्हा येणारा लहान ठोकळा) ठरवते, उंची ठरवतात आतले अणू. जागा सरकल्या असतील तर ही पोस्ट तुमच्यासाठी नाही. होल्डरमधली पातळी वर-खाली झाली असेल (२०० मिमी त्रिज्येच्या यंत्रात पृष्ठभाग ०.१ मिमी खाली गेला तर कमी कोनाकडची पिकं साधारण ०.०६ अंशाने डावीकडे जातात), नाहीतर खनिजातलं पाणी गेलं असेल. लॉमोन्टाइट कोरड्या हवेत कपाटात ठेवल्या ठेवल्या पाणी सोडतं आणि भुगा होतं, हे नमुने जमवणाऱ्या कुणालाही विचारा. जागा चोख आणि उंच्या वेड्यावाकड्या असतील तर पुढे वाचा.

आता ॲपोफिलाइटचे आकडे. आपल्याकडे सापडतं ते बहुतेक फ्लोरॲपोफिलाइट, टेट्रॅगोनल (चौरस तळाचा सेल), स्पेस ग्रुप (सममितीचं नाव) पी४/एमएनसी, ए अक्ष साधारण ८.९७ अँगस्ट्रॉम आणि सी अक्ष १५.७७. पाटन सी अक्षाला काटकोनात. म्हणून संशयित पिकं ००एल कुटुंबातली (पिकाचे तीन आकडे ए, बी, सी अक्षांनुसार पातळीची दिशा सांगतात; ००एल म्हणजे सी अक्षाला काटकोनातल्या पातळ्या), आणि त्यात एल सम असलेलीच दिसतात. कॉपर के-आल्फावर (तांब्याच्या नळीच्या एक्स-रेवर) ००२ येतं ११.२ अंशाला, ००४ येतं २२.५ ला, ००६ येतं ३४.१ ला आणि ००८ येतं ४६.० ला. ही चार नावं कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवा. फरकाच्या रेघेवरचे मोठे कोंब यांच्यावरच उगवले असतील तर निदान जवळपास झालंच.

जवळपास म्हणतो, कारण ००२ फसवतं. ११ अंशाला किरण नमुन्यावर फार तिरपे पडतात. १ अंशाची डायव्हर्जन्स स्लिट (किरण किती फाकतात ते ठरवणारी फट) आणि २०० मिमी त्रिज्या असेल तर किरणांचा पट्टा नमुन्यावर ३५ मिमीच्या वर पसरतो. होल्डरचा खळगा असतो २०-२५ मिमीचा. उरलेले किरण धातूवर नाहीतर काचेवर वाया जातात, आणि ००२ जेवढं फुगायला हवं तेवढं फुगत नाही. मग मुलं म्हणतात, "सर, ००४ वाढलंय पण ००२ नाही, म्हणजे कल नाही." कल आहे, त्यावर स्लिटची चूक बसली आहे. अर्ध्या अंशाची स्लिट लावा, पट्टा १८ मिमीच्या आत येतो. स्कॅनला वेळ जास्त लागेल, लागू दे.

दुसरी ओळखीची खूण मला फार आवडते. ००२ च्या अगदी उजवीकडे, ११.३४ अंशाला, १०१ चं पीक असतं. दोघांत ०.१३ अंशाचं अंतर, त्यामुळे साध्या स्कॅनमध्ये एकमेकांच्या खांद्यावर बसलेली दिसतात. कमी कोनामुळे स्लिटची चूक दोघांना सारखीच लागते, पण कलाचा परिणाम वेगवेगळा होतो: ००२ सी अक्षावरच आहे, १०१ त्याच्यापासून ६० अंशांवर. सीआयएफ फाइलवरून (माहीत असलेल्या रचनेची फाइल) काढलेल्या पॅटर्नमध्ये या दोघांच्या उंचीचं प्रमाण बघा आणि आपल्या स्कॅनमध्ये बघा. त्या बेरियमवाल्या स्कॅनमध्ये डावा भाऊ हिशोबापेक्षा जवळपास पाचपट दांडगा झाला होता. तिथेच मी त्याला खुर्ची दिली आणि चहा सांगितला.

खात्रीची चाचणी सगळ्यात स्वस्त आहे, तरी कुणी करत नाही. पावडर होल्डरमधून बाहेर काढा, चमच्याने उलटसुलट करा, परत भरा, परत स्कॅन करा. आत बसलेले अणू काही होल्डर रिकामा केल्याने हलत नाहीत. दोन भरणींत ००४ आणि शेजारच्या पिकांचं प्रमाण बदललं तर तुम्ही जे मोजत होता ती तुमची भरण्याची पद्धत होती. अर्थात दोन्ही वेळा त्याच हाताने तेवढंच दाबलं तर उत्तरही तेच येईल, म्हणून दुसऱ्यांदा अजिबात दाबू नका.

उंच्या बदलल्या पण ००एल कुटुंबाला धरून नाही, कधी हे पीक वर कधी ते, असं दिसलं तर कण जाड राहिले आहेत. मोजके मोठे कण योगायोगाने नेमके किरणांसमोर आले की असं होतं. ३२५ मेशच्या चाळणीतून गेलं म्हणून खुश होऊ नका, ती छिद्रं ४४-४५ मायक्रॉनची असतात आणि आपल्याला कण १० मायक्रॉनच्या खाली हवेत. शिवाय पापुद्रा चाळणीतून आडवा जात नाही, काठावरून निसटतो. चाळणीला त्याची सगळ्यात लांब बाजू दिसत नाही. अगेटच्या खलात अल्कोहोल घालून घोटा, कोरडं कुटू नका. कोरडं आणि फार वेळ घोटलेलं झिओलाइट पाणी गमावतं, पिकं रुंदावतात, पार्श्वभूमीला कुबड येतं, आणि मग एका रोगाचे दोन होतात.

आता भरणी. खरा उपाय इथेच आहे, सॉफ्टवेअरमध्ये नाही.

वरून भरून स्लाइडने दाबणं बंद करा. दिसायला आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग आला की समजा सगळे पापुद्रे आडवे झाले. मागून भरायच्या होल्डरची पद्धत अशी: होल्डरचं तोंड खरखरीत कागदावर पालथं ठेवायचं (मी बारीक पॉलिश पेपर वापरतो, घासलेली काचही चालते), मागच्या बाजूने पावडर थोडी थोडी भुरभुरायची, बोटाने होल्डरच्या कडेला टिचक्या मारायच्या, आणि मागचं झाकण हलकेच बसवून उलटं करायचं. दाब पडला तरी तो मागून पडतो, आणि किरणांपुढे येणारा पृष्ठभाग खरखरीत कागदाला टेकलेला असल्यामुळे त्यावरचे कण थोडे विस्कटलेले राहतात. बाजूने भरायचा होल्डर असेल तर आणखी बरं. तोंडाला काच चिमट्याने धरून उभ्या फटीतून पावडर सोडायची.

सगळ्यात वाईट पद्धत कुठली? नमुना चिमूटभरच आहे म्हणून तो अल्कोहोलमध्ये कालवून झिरो-बॅकग्राउंडच्या (स्वतःची पिकं न देणाऱ्या) सिलिकॉन चकतीवर थेंब टाकणं. अल्कोहोल उडेपर्यंत प्रत्येक पापुद्र्याला आरामात झोपायला वेळ मिळतो. मातीतल्या क्ले खनिजांसाठी लोक मुद्दाम हेच करतात, कारण त्यांना ००एल फुगवूनच हवी असतात. आपल्याला नको आहेत. चिमूटभरच असेल तर चकतीवर व्हॅसलिनचा पुसटसा हात फिरवा आणि वरून बारीक चाळणीतून भुरभुरा. जिथे पडला तिथे कण चिकटतो, त्याला कूस बदलायची सवड मिळत नाही. पावडरीत बारीक काचेची पूड मिसळणं हाही जुना उपाय आहे. काचेला स्वतःची पिकं नसतात, फक्त पसरट कुबड येतं, ते पार्श्वभूमीत सांभाळता येतं.

फिरत्या केशनळीची (पावडर भरायच्या केसासारख्या बारीक नळीची) सोय असेल तर मी डोळे मिटून तिच्याकडे जाईन. ०.३ मिमीची नळी घ्या. ॲपोफिलाइटमध्ये कॅल्शियम बरंच आहे आणि ते कॉपरचे किरण गिळतं, त्यामुळे जाड नळी नको. भरणं मात्र वैतागाचं काम. पापुद्रे तोंडाशी अडकतात, नळी मोडते, तुम्ही शिव्या देता. एक दुपार राखून ठेवा.

इतकं करूनही थोडा कल उरतोच. तो मग गणितात घ्यायचा. रिटव्हेल्ड पद्धत ह्यूगो रिटव्हेल्ड यांनी नेदरलँड्समधल्या पेटन इथे न्यूट्रॉनच्या पॅटर्नसाठी बसवली, आणि त्यांच्या १९६९ च्या लेखातही कलासाठी एक दुरुस्ती होतीच. आज बहुतेक सगळे वापरतात ती मार्च-डोलास दुरुस्ती: मार्च यांचं काम १९३२ चं, डोलास यांनी ते पावडर पॅटर्नसाठी १९८६ मध्ये जुळवलं. तिच्यात एकच आकडा रिफाइन होतो, त्याला आर म्हणतात. आर बरोबर १ म्हणजे कल नाही. सपाट होल्डरवर पापुद्रे असतील तर आर १ च्या खाली यायला हवा.

हा आकडा किती निर्दयी आहे ते ऐका. ज्या दिशेला कल आहे तिच्यावरचं पीक आर ०.९ असताना १.४ पट होतं, ०.८ ला जवळपास दुप्पट, ०.७ ला २.९ पट आणि ०.५ ला आठपट. त्या बेरियमवाल्या स्कॅनचा आर निघाला ०.६६. त्याने ००४ होतं साडेतीनपट. सी अक्षापासून १९ अंशांवरचं १०५ होतं २.४ पट, ३० अंशांवरचं १०३ होतं १.७ पट, आणि ६० अंशांवरचं १०१ उलट ०.७ पर्यंत उतरतं. ही उतरंड हीच कलाची सही. चुकलेल्या पिकांची यादी करा, प्रत्येकाचा सी अक्षाशी कोन काढा आणि कोनाच्या क्रमाने लावा. चूक कोनाबरोबर पायरीपायरीने उतरत गेली तर तो कल. क्रम लागला नाही तर दुसरं काही शोधा. चुकीचा अणू असा कोन मोजून वागत नाही.

दिशा भरताना लोक कुठे चुकतात ते सांगतो. ॲपोफिलाइटला ००१, स्टिलबाइट आणि ह्यूलँडाइटला ०१०. त्या दोघांचं पहिलं मोठं पीक ०२०, ९.७ ते ९.९ अंशांच्या आसपास, तेच फुगलेलं दिसेल. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये खोक्यात आधीपासून ००१ भरलेलं असतं, स्टिलबाइटवाले ते तसंच ठेवतात आणि मग म्हणतात दुरुस्ती लावूनही फरक पडला नाही. स्कोलेसाइट किंवा नॅट्रोलाइटसारख्या सुया असतील तर उलटा मामला. सुईचा लांब अक्ष पृष्ठभागावर आडवा पडतो, म्हणून सी अक्षाची दिशा देऊन आर १ च्या वर जातो. आणि तुमचं यंत्र किरण नमुन्याच्या आरपार नेणारं असेल तर पापुद्र्यांचाही आर १ च्या वर जाईल. आर अनपेक्षित बाजूला गेला की आधी यंत्राची भूमिती आठवा.

माझा स्वतःचा नियम: आर ०.७ च्या खाली गेला तर मी दुरुस्तीवर विश्वास ठेवत नाही, परत भरायला सांगतो. एका आकड्याचं सूत्र एवढा मोठा डोंगर इमानदारीने सपाट करू शकत नाही. काहीजण स्फेरिकल हार्मोनिक्स (कलाचंच, पण जास्त आकड्यांचं सूत्र) लावून पाच-दहा आकडे मोकळे सोडतात. आरडब्ल्यूपी छान दिसतो, पण साध्या लॅब स्कॅनवर ते आकडे कल सोडून बाकीचंही सगळं गिळतात. भरणी सुधारायचा कंटाळा म्हणून त्यांच्या आश्रयाला जाऊ नका.

मग पोटॅशियमनेच सोंग का घेतलं? ॲपोफिलाइटची रचना टेलर आणि नाराय-साबो यांनी १९३१ मध्येच सोडवली आहे. सिलिकेटचे थर, आणि थरांच्या मधे पोटॅशियम, कॅल्शियम आणि फ्लोरीन. हे तिघंही सी अक्षावर शून्य आणि अर्धा याच उंचीवर बसतात. त्यामुळे सम एल असलेल्या प्रत्येक ००एल पिकात तिघांच्या लाटा एकमेकींत मिळतात. प्रोग्रॅमला सांगितलं की काहीही करून ००४ वाढव, आणि कलाचं दार बंद ठेवलं, की तो समोर दिसणाऱ्या पहिल्या दारातून आत शिरतो. त्या मुलाने पोटॅशियमचं दार उघडं ठेवलं होतं. कुणी थर्मल आकडे (अणू किती थरथरतात ते सांगणारे, 'बी') मोकळे ठेवतं, मग सिलिकॉनचा बी ऋण येतो. ऋण बी म्हणजे अणू स्थिर असण्यापेक्षाही जास्त स्थिर. असलं काही दिसलं की पेन खाली ठेवायचा.

म्हणून क्रम पाळा. पार्श्वभूमी, स्केल, मग झिरो (कोनमापाचा शून्य) किंवा नमुन्याची पातळी (दोन्ही एकदम सोडू नका, ती एकमेकांचं ओझं उचलतात), सेल, पिकांचा आकार, मग कल. तो स्थिरावला की अणूंच्या जागा, नंतर थर्मल आकडे. ऑक्युपन्सी सगळ्यात शेवटी, आणि रासायनिक विश्लेषण हातात असेल तरच.

ॲपोफिलाइटमध्ये तर ऑक्युपन्सीचा मोह मुळातच फोल आहे. पोटॅशियमचा आयन आणि कॅल्शियमचा आयन, दोघांकडे १८-१८ इलेक्ट्रॉन. एक्स-रेला ते जुळे भाऊ. फ्लोराइडकडे १०, हायड्रॉक्सिलकडेही १०. त्या जागी फ्लोरीन किती आणि हायड्रॉक्सिल किती हे लॅबच्या पावडर स्कॅनमधून काढलं असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि इलेक्ट्रॉन प्रोबचे (रासायनिक विश्लेषणाचे) आकडे मागा. पुण्याच्या पाषाणकडचं हिरवं ॲपोफिलाइट जगभर गाजलं, त्याचा हिरवा रंग व्हॅनेडियमचा हेही १९७४ मध्ये प्रकाश-शोषणाच्या वर्णपटावरून दाखवलं गेलं. इतक्या थोड्या व्हॅनेडियमला पावडर पॅटर्न कधीच पकडणार नाही.

आणि एक प्रश्न मीच विचारतो: हाताच्या मुठीएवढा स्वच्छ स्फटिक असताना पावडर कशाला? रचनाच सोडवायची असेल तर ०.१-०.२ मिमीचा एक टवका काढा आणि सिंगल क्रिस्टलवर लावा, कलाचा प्रश्नच मिटतो. टवका काढतानाही तो पाटनावरून पातळ पत्र्यासारखा सुटतो, तेव्हा शोषणाची दुरुस्ती नीट लावा. स्टिलबाइटचे स्फटिक मात्र जवळजवळ नेहमी जुळे असतात, तिथे तो रस्ता तितका सरळ नाही.

त्या मुलाची दुसरी भरणी मी त्याच्याकडूनच करवून घेतली, मागून, पॉलिश पेपरवर, अर्ध्या अंशाच्या स्लिटने. आर आला ०.८९. पोटॅशियम १ वर बांधून ठेवलं तरी फरकाची रेघ आडवी पडली. मग गंमत म्हणून त्याने ते मोकळं सोडलं, ते ०.९९ वर थांबलं. ईडीएसचा (मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राचा) स्लॉट त्याने बेरियमसाठी आधीच मागून ठेवला होता, तो पुढच्या मंगळवारचा होता. "रद्द करू का, सर?" मी म्हटलं, राहू दे, पोटॅशियम आणि कॅल्शियम मोजून घे.